तळाला आंब्याचं लाकूड

सुताराला लोक दोन कारणांनी बोलावतात. नवं काही करायचं असतं म्हणून, किंवा आधी केलेलं दार लागत नाही म्हणून. पहिल्या वेळी चहा मिळतो, दुसऱ्या वेळी चहाच्या आधी टोमणा. महाडला बाजाराच्या मागे माझं दुकान होतं. आता ते पुतण्या चालवतो आणि मी बाकड्यावर बसून त्याला नको असलेले सल्ले देतो. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी म्हटलं, सुताराकडे सांगण्यासारखं काय असणार? बायको आतून म्हणाली, "काळजी. ती लिहा. ती तुमच्याकडे भरपूर आहे."

खरं आहे. माझा स्वभाव मुळातच काळजीचा, आणि धंदा त्याला खतपाणी घालणारा. शिंप्याचं काही चुकलं तर ते उसवतं आणि लगेच कळतं. सुताराचं चुकलेलं वर्षानुवर्षं गप्प बसतं, आणि कळतं तेव्हा त्याच्याखाली कोणीतरी बसलेलं असतं. म्हणून कुणाकडे जेवायला गेलो तरी माझी नजर पानाकडे कमी आणि आढ्याकडे जास्त. लग्नाच्या मांडवात मी मधोमध कधी बसत नाही. लोक कौतुकाने नव्या घरी बोलावतात आणि मी त्यांच्या चौकटीवर बोटाने टकटक करत फिरतो, मग बायकोला घरी येऊन माझी समजूत घालावी लागते.

लाकडाबद्दल बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट सांगायची तर ही, की झाड तोडलं तरी लाकडाचं पाणी पिणं सुटत नाही. पावसाळ्यात ते फुगतं, उन्हाळ्यात आवळतं. सावित्रीचं पाणी बाजारात शिरून ओसरलं की माझ्या दुकानासमोर गर्दी. कुणाचं दार लागत नाही, कुणाचं कपाट उघडत नाही, आणि न उघडणाऱ्या कपाटातच नेमका लग्नाचा शालू. मी सगळ्यांना सांगायचो, रंधा मारू नका, दिवाळीपर्यंत थांबा, आपोआप जागेवर येईल. ऐकणारा एखादाच. बाकीचे चिडून दुसरीकडे जायचे, दार तासून घ्यायचे, आणि उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून मांजर आत यायला लागलं की परत माझ्याकडे यायचे.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. वरंधला घाटाच्या रस्त्यावर एक चहावाला होता. पावसाळ्यात दरड पडून घाट बंद झाला की त्याचा धंदा बसायचा, म्हणून त्याला सोडवून घरी नेता येईल अशी टपरी हवी होती. मी खिळा न मारता, नुसत्या खुंट्यांवर जुळवून दिली. पाऊस संपल्यावर त्याचा निरोप आला, "मिस्त्री, टपरी जोडली, पण एक फळी उरलीय." उरलेली फळी म्हणजे कुठेतरी राहिलेला आधार. मिळेल त्या एसटीने वरंध गाठलं, सगळी टपरी उलटीपालटी तपासली. काही कमी नाही. शेवटी कळलं की ती फळी त्याच्या खाटेची होती आणि त्याची बायको दोन दिवस तिला शोधत होती.

असं हसण्यावारी नेता आलं ते नेलं. पण एक काम असं आहे की त्याच्याबद्दल मला अजून हसता येत नाही. ते म्हणजे ओंडक्यांचं घर.

पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. घरं थोडी, भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली, आणि निम्मी माणसं मुंबईत. वाडीच्या तरुण मंडळाला स्वतःची जागा नव्हती. मुलगे देवळाच्या ओसरीवर बसायचे आणि मुली कुठेच बसायच्या नाहीत. मंडळाचा अध्यक्ष संतोष मुंबईत एका गोदामात कामाला होता. त्याआधी तो महाबळेश्वरला एका हॉटेलात होता, तिथे पाहुण्यांसाठी ओंडक्यांची घरं होती, आणि ती त्याच्या डोक्यात बसली होती. एक दिवस तो मोबाइलवर फोटो घेऊन माझ्या दुकानात हजर.

"मिस्त्री, असं पायजे. फुल लाकडाचं. एकदम रिसॉर्ट."

मी फोटो मोठा करून बघितला. "अरे, हे सिमेंट आहे. वरून लाकडाचा रंग मारलाय."

"मग आपण असली करू," संतोष म्हणाला. "सिमेंट वर न्यायला गाडी कुठं जाते आमच्याकडं? झाडं तर वरच हायत."

हे बोलणं बिनतोड होतं. तरी मी घाबरलो. आपल्याकडे घरात लाकूड उभं असतं, म्हणजे खांब उभे, त्यांच्यावर तुळया आणि मध्ये भिंत माती-विटांची. ओंडके आडवे एकावर एक रचून भिंतच लाकडाची करायची, हे मी जन्मात केलं नव्हतं. त्यात कोपऱ्यावर दोन्ही ओंडक्यांना खाच पाडतात आणि दोन्ही हातांची बोटं गुंतवावीत तसे ते एकमेकांत बसवतात. सगळा भार सरळ खाली उतरतो, सगळ्यात तळाच्या ओंडक्यावर. वरचा एखादा खराब निघाला तर फार बिघडत नाही. तळाचा खराब निघाला तर त्याच्यावरचं सगळं खाली बसतं.

वाडीची बैठक झाली आणि ठरलं, की प्रत्येक घराने आपल्या बांधावरचं एक झाड द्यायचं. तोडायची परवानगी मिळवायला संतोषने चपला झिजवल्या. झाडं कधी तोडायची? शिमग्याला, कारण तेव्हाच सगळे मुंबईकर घरी. मी हात जोडले. शिमगा म्हणजे पौर्णिमा. आम्ही सुतार लाकूड तोडतो ते अंधाऱ्या पंधरवड्यात, चांदण्यातल्या लाकडाला कीड लागते असा आमचा समज. शिवाय तोडलेलं लाकूड निदान एक उन्हाळा-पावसाळा सावलीत वाळायला हवं. यांना मे महिन्यात घर उभं करायचं होतं, कारण मुंबईकर परत तेव्हाच येणार.

"अवशेला तोडायचं म्हणता, मिस्त्री," संतोष म्हणाला, "पण तोडणार कोण? आमच्या म्हाताऱ्या?"

शिमग्याला होळी पेटली, पालखी नाचली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीच्या कुऱ्हाडी चालल्या. लेकीसुनांनीसुद्धा आपापल्या झाडावर एकेक घाव घातला.

आता धोंडूतात्यांची ओळख करून द्यायला हवी. तात्या वाडीचे मानकरी. पालखीला पहिला खांदा त्यांचा, होळीला पहिला नारळ त्यांचा. त्यामुळे घराचं पहिलं लाकूडही त्यांचंच, यात कुणाला शंका नव्हती. बाकीच्यांनी ऐन आणला, किंजळ आणली, दोघातिघांनी सागही आणला. सगळी टिकाऊ झाडं. तात्यांच्या दारातून आला तो रायवळ आंबा. दिसायला झकास, जाडजूड. पण आंब्याचं लाकूड खोक्यांना बरं. ओल लागली की ते मऊ पडतं आणि किडीला तर ते पक्वान्नच. तात्यांच्या बांधावरची ऐनाची झाडं पूर्वीच विकली गेली होती हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांसमोर ते बोलायचं नसतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

मी वळसा घालून बघितलं. "तात्या, हा दरवाज्यावर घेऊ या. येणाराजाणारा बघेल तरी."

"पयलं लाकूड मानकऱ्याचं," तात्या म्हणाले. "ते खाली घालायचं. तसंच चालत आलंय."

ओंडक्यांचं घर वाडीत पहिल्यांदाच होत होतं, तेव्हा काय चालत आलं होतं ते देवच जाणे. मी संतोषकडे बघितलं, संतोषने डोंगराकडे बघितलं. वाडीतली जाणती माणसं एकदम तंबाखू मळायला लागली. शेवटी आंबा तळाला गेला, तोही डोंगराकडच्या बाजूला, जिथे ओल जास्त. मी त्याच्याखाली दगडाचं जोतं उंच घेतलं आणि गॅरेजमधून जळकं ऑइल आणून त्याला पोटभर पाजलं. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

घर मात्र देखणं झालं. वाडीपासून जरा बाजूला, डोंगराच्या सोंडेवर सपाट माळ होता, तिथे ते बांधलं. ओंडक्यांमधल्या फटी बायकांनी माती, शेण आणि भाताचा तूस कालवून भरल्या. वर पत्रे घातले. दाराच्या आणि खिडक्यांच्या चौकटींवर मी मुद्दाम वीतभर मोकळी जागा ठेवली, कारण ओले ओंडके वाळले की आक्रसतात आणि सगळी भिंत हळूहळू खाली येते. लोक म्हणाले, मिस्त्रींचं माप चुकलं. पुढच्या उन्हाळ्यात ती जागा निम्मी झाली आणि थट्टा थांबली. वाळताना लाकूड तडकायचंही. भरदुपारी भजनाची तालीम चालू असताना "ठो" असा आवाज झाला आणि बुवा पेटी टाकून माळावर पळाले.

सोंडेवर मोबाइलची रेंज चांगली मिळते, त्यामुळे वाडीचा सगळा कारभार हळूहळू तिथेच सरकला. मुलींना बसायला जागा मिळाली. माळावर त्यांची कबड्डी सुरू झाली. तात्यांची नात सायली महाडच्या कॉलेजात जायची, ती मंडळाची सचिव झाली. संतोष मुंबईहून फोनवर हुकूम सोडायचा आणि सायली त्यातले जमतील तेवढे पाळायची.

मी दरवर्षी दिवाळीनंतर वर जायचो. निमित्त फिरायला आल्याचं, पण खिशात स्क्रूड्रायव्हर. आंब्याच्या ओंडक्यात तो खुपसून बघायचा. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही. पहिली दोन वर्षं घेतलं नाही, मग थोडं थोडं घ्यायला लागलं. खाली बारीक पिवळं पीठ पडलेलं दिसलं की समजायचं, आत भुंगा जेवतोय.

"काय रे मिस्त्री," तात्या पाठीमागून यायचे, "माझ्या लाकडाची नाडी बगतोस काय?"

मी म्हणायचो, सहज आलो होतो. संतोषला मात्र मी स्पष्ट सांगितलं, की हे लाकूड बदलायला हवं. तो म्हणाला, "तात्या हायत तवर कसं बोलायचं, मिस्त्री? त्यांच्या जीवाला लागंल." मलाही ते पटत होतं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला गावासमोर कमीपणा आणायचा कसा? म्हणून दरवर्षी जास्त ऑइल, आणि घरी आल्यावर जास्त काळजी.

मग तो पावसाळा आला. पाऊस दोन दिवस थांबलाच नव्हता. नदीचं पाणी चढतंय म्हणून महाडच्या बाजारात सगळे आपापला माल वर चढवत होते. मी आणि पुतण्या दुकानातल्या फळ्या माळ्यावर टाकत होतो, तेवढ्यात फोन वाजला. सायली.

"मिस्त्रीकाका, वाडीच्या मागं डोंगराला भेग पडलेय. तालुक्यावरून फोन आला, घरं सोडा म्हणून. पण ओढ्यावरचा साकव वाहून गेला, खाली शाळेत जायला वाटच नाय. सगळ्यांना घेऊन मी मंडळाच्या घरात आलेय. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळी. इथं राहू ना? तुमी सांगा."

माझ्या हातातली फळी मी खाली ठेवली. डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं, फक्त तो डोंगराकडचा कोपरा, आणि त्याला टेकून बसलेली माणसं. नाही म्हणावं तर ती जाणार कुठे? घरांवर भेग, खाली ओढा, बाहेर माळावर पाऊस. हो म्हणावं तर भिंतीत आंबा.

"सायली, कोयता आहे? त्याची पाठ घे आणि तळाच्या ओंडक्यांवर ठोक. फोन जवळ धर."

तिने ठोकलं. पत्र्यावरच्या पावसातूनही ऐनाचा आवाज आला, खणखणीत. दुसरीकडची किंजळ, तीही बरी. "आता डोंगराकडचा," मी म्हटलं. तिने ठोकलं असावं. मला काही ऐकू आलं नाही.

"कसा आवाज आला?"

ती बोलेना.

"सायली, बोल गं."

"काका..." तिने आवाज खाली आणला. "तात्या इथंच बसलेत."

मला रडू यायचं बाकी राहिलं. डोंगर डोक्यावर येऊ बघतोय, आणि या मुलीची जीभ अजून आजोबांच्या मानापाशी अडते आहे. तिला तरी काय बोलणार? आम्ही जाणती माणसंही इतकी वर्षं तेच करत होतो. तेवढ्यात मागून तात्यांचा आवाज आला, "काय इचारतोय तो?" मग खरखर झाली आणि फोन त्यांच्या हातात गेला.

"मिस्त्री, बद वाजतंय," तात्या मोठ्याने म्हणाले, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. "आंब्याचं लाकूड हाय ते. मला ठाऊक नाय व्हय? ऐन माझ्याकडं नव्हता, म्हणून आंबा दिला. आता माझी लाज धरू नको. पोरं बसलीत आत. काय करायचं ते सांग."

मी सांगितलं. त्या बाजूला कोणी बसू नका, सगळे दरीकडच्या भिंतीला जा. आत वर माळ्यावर मंडळाच्या पूजेच्या मांडवाचे खांब आहेत, ते काढा. आंब्याच्या वर जो ओंडका आहे, त्याच्याखाली तिरके टेकू द्या, त्यांच्या पायाशी सपाट दगड घाला. घण मारू नका, पाचर हळूहळू ठोका. घरात धडधाकट पुरुष जवळपास नव्हतेच, होते ते मुंबईत. सायली, तिच्या कबड्डीच्या मुली आणि त्यांच्या आया यांनी ते खांब लावले. मी फोन कानाला लावून नुसता त्यांचा आरडाओरडा ऐकत होतो. कोणीतरी म्हणत होतं, "धर गो, धर, सोडू नको."

मग सायली पुन्हा फोनवर आली. धापा टाकत होती. "लावले. राहू ना, काका?"

"राहा," मी म्हटलं.

फोन तुटला. थोड्या वेळाने आमच्याकडचीही रेंज गेली, वीज गेली, आणि पाणी दुकानाच्या पायरीला लागलं.

मी "राहा" म्हणालो तेव्हा ते घर टिकेल हे मला माहीत नव्हतं. दुसरी वाट नव्हती म्हणून म्हणालो. पुढचा सगळा वेळ मी घरी वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून होतो. बायकोने पुढे केलेला चहा निवून गेला. खालून गढूळ पाण्यात लोकांची भांडीकुंडी वाहत चालली होती, आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब, पाचर कुठल्या बाजूने ठोकायची ते मी नीट सांगितलं का? माझ्या एका शब्दावर सगळी वाडी एका छपराखाली बसली आहे, याची इतकी भीती वाटली की मी बायकोचा हात धरून बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा हात मी कधी धरला नव्हता.

पाणी ओसरल्यावर पोलादपूरकडून आलेल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरने बातमी दिली. डोंगराचा एक लचका तुटून खाली आला होता. वाडीतली तीन-चार घरं गेली, त्यात तात्यांचंही. गुरं आधीच सोडून दिली होती. माणूस एकही गेला नाही. ओंडक्यांचं घर डोंगराकडच्या कोपऱ्यात दोन बोटं खाली बसलं, टेकूंवर अडकलं आणि तिथेच राहिलं. हे ऐकून मी त्या ड्रायव्हरला दुकानातलं चांगलं सागवानी स्टूल देऊन टाकलं.

वाट मोकळी झाल्यावर वर गेलो. लोक पाया पडायला लागले. "मिस्त्री हो म्हणाले म्हणून वाचलो." मला लपायला जागा पुरेना. संतोष मुंबईहून आला होता, त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला काय कॉन्फिडन्स!" मी त्याला म्हटलं, बाबा रे, तो शब्द माझ्यासमोर काढू नकोस.

महाडहून ट्रकचे जॅक आणून आम्ही तो कोपरा उचलला आणि आंब्याचा ओंडका बाहेर काढला. आतून त्याचा भुसा झाला होता. वाडीतल्या काशीबाईंनी आपल्या बांधावरची, केव्हाची तोडून ठेवलेली किंजळ दिली. ती आत सरकवायच्या वेळी सगळे थांबले. कुणी हात लावेना. तात्या पुढे आले, त्यांनी ओंडक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मान माझा, लाकूड काशीचं. ढकला."

जेवणं झाल्यावर तात्या माझ्या शेजारी येऊन टेकले. सगळे माझं कौतुक करत होते, तात्यांनी केलं नाही.

"फोनवर सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "पण तू म्हाडात होतास. पुढच्या येळेला सांगायचं तर इथं आत बसून सांग."

मला राग आला नाही. उलट हलकं वाटलं, कारण इतक्या लोकांमध्ये एकट्या तात्यांना कळलं होतं की मी खात्री नसताना, लांब बसून "राहा" म्हणालो होतो.

या वर्षी पावसाने जोर धरला आणि वाडीला पुन्हा सावध राहायचा निरोप आला. सायलीचा फोन येण्याआधीच मी निघालो. बायकोने अडवलं नाही, फक्त पिशवीत दोन स्वेटर टाकले. पोलादपूरपर्यंत एसटी मिळाली, पुढे कापड्यापर्यंत एका टेम्पोत बसलो, आणि राहिलेली चढण माझ्या गुडघ्यांनी कशीबशी पुरी केली. पोचलो तेव्हा सगळी वाडी आत जमली होती. चूल पेटली होती, पोरं रडत होती, तात्या कांबळं घेऊन कोपऱ्यात बसले होते. मी डोंगराकडच्या भिंतीला पाठ लावून बसलो.

मागे डोंगरात कुठेतरी मोठा दगड गडगडत गेल्याचा आवाज झाला. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. पत्र्यावर पाऊस इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सायली माझ्यापाशी आली, वाकली, आणि कानाशी ओरडली, "काका, काय वाटतं तुमाला?"

"भीती वाटते," मी ओरडून म्हटलं.

"आमालापन," ती म्हणाली, आणि त्याच भिंतीला पाठ लावून माझ्या शेजारी बसली.